नाल्यातल्या फुल्या

नकाशा आणि आकडे कॉम्प्युटरवर जोडून जागा शोधायच्या ज्या तंत्राला आज सगळे जीआयएस म्हणतात, ते आम्ही ऐंशीच्या दशकाच्या शेवटी बोरिवलीच्या एका भातशेतात केलं. त्याला काय म्हणतात हे तेव्हा आम्हाला ठाऊकही नव्हतं. शेत गावठाणातल्या एका ख्रिस्ती अंकलचं. ते विकलं गेलं होतं आणि सोमवारी ताबा द्यायचा होता. त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी, एक खड्डा खणायची रीतसर परवानगी आम्हाला पुरातत्त्व शिकवणाऱ्या सरांनी मिळवली. एकच! त्यात जुनी वस्ती सापडली तर ठीक, नाहीतर वर इमारत आणि विषय संपला.

पण खणायचं कुठे? सुतळी बांधून आम्ही शेताचे चौकोन पाडले. प्रत्येक चौकोनात खापरं किती, जमीन किती उंच, नाला किती लांब, सगळं टिपलं. माझी मैत्रीण साकीनाक्याच्या एका कारखान्यात कॉम्प्युटरवर काम करायची. तिन्ही गोष्टी एकत्र करून जिथे जास्त आशा तिथे फुली छापायची, असा प्रोग्रॅम तिने जेवणाच्या सुट्टीत लिहिला.

करकरत कागद बाहेर आला. शेताच्या नकाशाशेजारी धरून पाहिलं, तर सगळ्या फुल्या नाल्यात!

"वाट लागली," मी म्हणाले. "तुझी माणसं काय पाण्यात राहायची?"

"माझी काय गं? आकडे तूच दिलेस ना!"

झालं होतं असं, की मी शाळेतल्या आलेखासारख्या ओळी खालून मोजल्या होत्या आणि तिचं यंत्र वरून मोजत होतं. हसून हसून पोट दुखायला लागलं. पुन्हा छापल्यावर फुल्या अंकलच्या उकिरड्याभोवती गोळा झाल्या. खुद्द उकिरड्याचा चौकोन मात्र कोरा, कारण शेणाखालची खापरं मोजणार कोण? पण चारी बाजूंना फुल्या म्हणजे मधेही काहीतरी असणार, म्हणून तिथेच खणायचं ठरलं.

"एवढं शेत सोडून तुम्हाला हेच भेटलं?" रविवारी अंकलनी तोंड वाकडं केलं, पण फावडं स्वतःच आणलं.

दुपारपर्यंत नुसती माती. मैत्रीण "कॉम्प्युटरला दोष देऊ नकोस हं" म्हणून छळत होती. मग खुरपीने खरवडताना भाजक्या मातीची लालसर कड दिसली. ती वळत वळत गेली आणि गोल पुरा झाला. मातीची कडी एकावर एक रचून बांधलेली, फार जुनी विहीर! मी तिथेच नाचले. पुढे पदवी मिळाली तेव्हाही इतका आनंद झाला नाही.

अंकल वाकून बराच वेळ आत बघत राहिले. मग तरातरा घराकडे निघाले.

"अंकल, कुठे चाललात?"

"बिल्डरला फोन करतो. उद्या ताबा नाय म्हणावं. आधीची माणसं अजून निघाली नाहीत."