आईच्या नावावरचा आजार

“पोरगी गुणाची हाय. आईचं एवढं मोठं दुखणं एकटीनं काढलं.”

चाकणजवळच्या आमच्या घरी, ओट्यावर आईजवळ बसून शेजारच्या सुमनकाकू त्यांच्या लेकीला, पल्लवीला, माझ्याबद्दल सांगत होत्या. मी आत चहा गाळत होते. नऊ वर्षं हे कौतुक ऐकते आहे. दर वेळी कुणीतरी बाहेरून कडी घातल्यासारखं वाटतं.

आजारी मी होते.

बाविसाव्या वर्षी माझं पोट फुगायला लागलं. दोन घास खाल्ले की भरायचं. चार महिने गॅसच्या गोळ्या घेतल्या. तुमचं असं होत असेल तर तेवढं थांबू नका. चिंचवडला डॉक्टर म्हणाल्या, “ओव्हेरियन कॅन्सर, थर्ड स्टेज.” म्हणजे अंडाशयाचा, पोटात पसरलेला. ऑपरेशनमध्ये दोन्ही अंडाशयं आणि गर्भाशय काढलं.

गावात कळलं तर हिला कोण करून घेईल, या भीतीने आईने आजार स्वतःवर घेतला. केमोसाठी आम्ही दोघी सांगवीला मावशीकडे राहिलो. गावात निरोप गेला : आईला कॅन्सर आहे, मुलगी सोबतीला आहे. परतताना आईने स्वतःचे केस बारीक कापून घेतले. केमोनंतर नुकते उगवलेले माझे तसेच केस मात्र कॉलेजची फॅशन ठरले.

लोक तिला बघायला डाळिंबं आणायचे. ते गेले की ती मला सोलून द्यायची. वेटिंग रूममध्ये ओळखीचं कुणी दिसलं की फाईल तिच्या मांडीवर जायची. मला स्थळं येतात, मी नकार देते, आणि इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून शिष्ट ठरते.

गेल्या वर्षी डॉक्टर म्हणाल्या, “आता वर्षातून एकदा आलीस तरी चालेल.” गावाने आईचं अभिनंदन केलं.

मी चहा घेऊन बाहेर आले. पल्लवीने दोन घोट घेऊन कप खाली ठेवला. “बास ताई, एवढ्यानंच पोट भरतं.” तिचा कुर्ता पोटावर ताणला होता.

“किती दिवस?”

“तीन महिने झाले असतील.”

“गॅस हाय तो,” काकू हसल्या. “व्हय की नाय वैनी? तुमच्यावानी दुखणं एकविसाव्या वर्षी कुठं होतंय?”

आईने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. तिने माझ्यासाठी काय काय सोसलं, ते त्या क्षणीही मला दिसत होतं. माझा आवाज मुळात बारीक. वर्गातही मी कधी हात वर केला नव्हता.

“काकू, कॅन्सर आईला नव्हता. मला होता, बाविसाव्या वर्षी. पल्लवीला उद्या सोनोग्राफीला मी नेते.”