ऑर्व्हिलचा निवडुंग

मिनेसोटात जानेवारीत श्वाससुद्धा मिशीवर गोठतो, आणि ऑर्व्हिल टफ्टीने तिथे, घराच्या दक्षिण भिंतीशी वाळू-खडी ओतून, उघड्यावर निवडुंग लावला होता. गावाने यथेच्छ टर उडवली. बायकोने, म्हणजे आर्डिसने, टर नाही उडवली. तिने लक्षच दिलं नाही. दर जूनमध्ये ऑर्व्हिल स्वयंपाकघराच्या खिडकीत डोकं घालायचा.

"आर्डिस, बाहेर ये ना. फूल उमललंय. आजच्यापुरतंच असतं."

"ओव्हनमध्ये पाव आहे रे. उद्या बघते."

उद्यापर्यंत फूल मिटलेलं असायचं. अशी वीस वर्षं गेली.

ऑगस्टमध्ये ऑर्व्हिल गेला. ऑक्टोबरात आर्डिस कधी नव्हे ती त्या भिंतीशी गेली. जाडजूड काटेरी पानं सुरकुतून जमिनीवर लोळत होती. दोन महिन्यांत मारलं मी याला, असं म्हणत तिने बादलीभर पाणी ओतलं. मग गावात सगळे गुलाब झाकतात तसा पेंढा घातला, वर ताडपत्री बांधली आणि तिथेच बसून रडली.

शेजारचा ओस्ट्बी, ऑर्व्हिलचा मासे धरायचा जोडीदार, दुसऱ्या दिवशी तिचं भांडं परत द्यायला आला.

"हे कुणाचं बाळंतपण मांडलंयस?"

"थंडीने मरेल ना तो."

"थंडी काय करतेय त्याला! ओल मारते. हिवाळ्याआधी तो अंगातलं पाणी आपणच कमी करतो, म्हणून असा लोळतो. पाणी राहिलं तर गोठून फुटेल. ऑर्व्हिल बोलला नाही कधी?"

बोलला होता. दरवर्षी जेवताना बोलला होता. हिनेच ऐकलं नव्हतं.

दोघांनी मिळून पेंढा काढला. "आणि ते बादलीभर पाणी?" तिने विचारलं. ओस्ट्बीने खांदे उडवले. "ते वसंतातच कळेल."

सगळा हिवाळा ती खिडकीतून त्या उघड्या ढिगाऱ्याकडे बघत राहिली. ईस्टरला मुलगी आली. "आई, सडलंय हे. उपटून टोमॅटो लावू."

"हात तर लाव, सॉल्व्हेग, मग जेवण कुठे मिळतं बघ."

मे महिन्यात अर्धी पानं काळी पडून गळाली. ही तिच्या बादलीची करणी होती. गळालेली पानं तिने चिमट्याने एकेक उचलली. उरलेली मात्र पावसाने फुगली आणि हळूहळू उठून बसली.

जूनमध्ये एका सकाळी पाव ओव्हनमध्ये टाकताना खिडकीबाहेर काहीतरी पिवळं दिसलं. आर्डिस पिठाच्या हातांनीच बाहेर गेली आणि निवडुंगाशेजारी ठेवलेल्या ऑर्व्हिलच्या स्टुलावर बसली. पाकळ्या इतक्या पातळ होत्या की आतली मधमाशी बाहेरून दिसत होती. एवढं सुंदर असेल असं तिला कधी वाटलंच नव्हतं. आत ओव्हनची घंटी वाजली, वाजतच राहिली.

"जळू दे पाव," ती म्हणाली. "आले रे मी."