आप्पाजींचा काटा आणि नवं जेट

आप्पाजी मूळचे निपाणीकडचे. बंगळुरात एका विमान कंपनीच्या शहरातल्या ऑफिसात त्यांनी अकरा वर्षं माणसं तोलली. जुनं पंख्याचं विमान नाजूक प्रकृतीचं. बॅगांबरोबर प्रवाशालाही काट्यावर उभं करावं लागे. बाईमाणसाचा आकडा आप्पाजी कधी मोठ्यानं सांगत नसत. तिच्या नवऱ्याकडेसुद्धा पाठ करून तक्त्यात लिहीत. पुढे पुढे नुसत्या नजरेनंच त्यांना वजन कळू लागलं, आणि लग्नकार्यात जाडी माणसं त्यांना टाळू लागली. बायको गंगव्वा म्हणायची, "मला बघायला आलात तेव्हा चेहरा कुठे बघितलात? एकशे चार पौंड, एवढंच ठरवून गेलात."

चौसष्ट साली कंपनीनं देशातल्या मार्गांवर नवं लहानसं जेट आणलं. ऑफिसात पेढे वाटले गेले. पेढा तोंडात असतानाच मॅनेजर रत्नाकर दाबक्यांनी हुकूम वाचून दाखवला. जेटसाठी प्रवासी तोलायचे नाहीत, सरासरी धरायची. काटा सोमवारी मालगोदामात जाईल आणि काट्यामागून आप्पाजी.

"तिथंही वजनंच करायची," दाबके म्हणाले. "तुमचं बिघडलं काय?"

"पार्सल बोलत नाही, साहेब."

शनिवारी मुंबईचं पहिलं जेट होतं. माणसं मुंजीला निघाल्यासारखी नटून आली. आप्पाजींना नुसतं उभं राहायची आज्ञा होती, आणि नुसतं कसं उभं राहतात हे त्यांना ठाऊक नव्हतं. रांगेत पुढे ठकुबाई होत्या. मुलीच्या बाळंतपणाला निघालेल्या, जन्मात पहिल्यांदा विमानात बसणाऱ्या. विमानाला भार नको म्हणून कालपासून त्या दोन केळ्यांवर होत्या. दाबक्यांनी तिकीट बघून विमानतळावर जाणाऱ्या बसकडे हात केला, पण बाई जागच्या हलेनात.

"वजन?"

आता लागत नाही, असं दाबक्यांनी हसून सांगितलं. जेटची ताकद, इंजिनं, सरासरी, सगळं समजावलं.

"म्हणजे न मोजताच माणसं भरणार," ठकुबाई म्हणाल्या. "आणि पेललं नाही तर वाटेत कुणाला उतरवणार?"

सरासरी ऐकून जे गप्प होते, ते या प्रश्नानं जागे झाले. एका गृहस्थांनी शेजारच्या धिप्पाड व्यापाऱ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. व्यापारी स्वतःच घाबरून म्हणाला, आधी मला मोजा. बस सुटायची वेळ टळू लागली. दाबक्यांनी घाम पुसला आणि हळूच म्हणाले, "आप्पाजी, घ्या."

आप्पाजींनी ठकुबाईंना हात देऊन काट्यावर चढवलं, सवयीनं पाठ केली आणि कानाशी वाकून म्हणाले, "स्वल्प सुद्धा काळजी नको अक्का. तुम्ही बसलात हे विमानाला कळायचंदेखील नाही."

"मग काहीतरी खायला मागवा," अक्का म्हणाल्या.

सोमवारी काटा हलला नाही. प्रवाशांचा धीर टिकावा म्हणून तो राहू द्यावा, असं दाबक्यांनी वर कळवलं. गोदामात गेला तो फक्त तक्ता. आता आकडा कुठंच लिहायचा नव्हता, म्हणून अकरा वर्षं छटाकभर इकडेतिकडे न केलेले आप्पाजी दिलदार झाले. धिप्पाड माणसाला पाच किलो माफ, नव्या नवरीला दोन. जेटनं जाणारा प्रत्येक जण त्यांच्या काट्यावरून खूश होऊन उतरे, आणि काही जण तर नुसते बाजारात निघालेले असतानाही आत येऊन काट्यावर चढून जात.