उस्तादांच्या हातची पेस्ट

धामणगाव बढ्यात माझं गॅरेज आहे. म्हणजे पाटी माझी आहे, गॅरेज उस्तादांचं. आयटीआय करून त्यांच्याकडे आलो तेव्हा माझं सर्टिफिकेट त्यांनी उघडूनसुद्धा पाहिलं नव्हतं. हातात पाना दिला आणि म्हणाले, हा कसा धरतो ते दाखव. मी चुकीचाच धरला होता. त्यावर त्यांनी जे ऐकवलं ते दोन गिऱ्हाइकांनी आणि समोरच्या चहावाल्यानं ऐकलं. पुढची कितीतरी वर्षं हेच चाललं. माझी चूक झाली की ती चारचौघांत सांगितली जायची, आणि मी मनातल्या मनात त्यांना शिव्या घालत ती दुरुस्त करायचो.

पुढं त्यांचे डोळे अधू झाले, हात थरथरायला लागला. बोल्ट हातातून निसटून इंजिनात पडला त्या दिवशी त्यांनी गॅरेजची किल्ली माझ्यासमोर ठेवली. तरी रोज सकाळी दहाला येत. धुतलेला पांढरा शर्ट घालून गॅरेजमध्ये येणारा हा एकच माणूस. काम मात्र त्यांच्याकडे एकच उरलं होतं. कुठलाही जोड बंद करायचा असला की त्यावर पेस्ट लावायची.

आमच्याकडे जोड म्हटला की सिलिकॉनची पेस्ट आलीच. ट्रॅक्टर असो, जीप असो, विहिरीवरचं इंजिन असो, कंपनीनं रबराचं पॅकिंग दिलं असलं तरी वरून पेस्ट लावल्याशिवाय आमचा जीव थाऱ्यावर येत नाही. उस्तादांच्या हातचा जोड गळत नाही, हे पार मोताळ्यापर्यंत माहीत होतं. एरवी चहाचा कप हिंदकळायचा, पण पेस्टची रेघ ओढताना बोट कसं स्थिर राहायचं कोण जाणे. ते बघून मला बरं वाटायचं. आपण त्यांना रिकामं बसवलेलं नाही, असं वाटायचं.

गावापासून चारेक किलोमीटरवर वांगी-मिरची करणारं एक जोडपं आहे. बाईंच्या किडन्या गेल्या आहेत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी बुलढाण्याला डायलिसिस. एसटीचे हिसके त्यांना सोसत नाहीत, म्हणून त्यांच्या नवऱ्यानं, भाऊंनी, एक जुनी, टर्बो इंजिनाची पेट्रोल गाडी घेतली. गाडी माझ्याकडे सर्व्हिसिंगला आली, मी हवेचे सगळे पाइप साफ केले, उस्तादांनी पेस्ट लावून ते जोडले आणि ती छान पळायला लागली. महिनाभरानं भाऊ परत आले. इंजिनाचा पिवळा दिवा लागला होता, आणि बुलढाण्याच्या वाटेवर राजूरचा घाट आला की गाडी दम टाकत होती. सपाटीला ठीक, चढाला नुसती रांगायची.

स्कॅनर लावला. ऑक्सिजन सेन्सर खराब असल्याचं त्यावर आलं. हा सेन्सर सायलेन्सरच्या नळीत बसतो. धुरात प्राणवायू किती उरला हे तो गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो आणि त्यावरून कॉम्प्युटर पेट्रोल कमीजास्त करतो. सेन्सर भलतंच सांगायला लागला की कॉम्प्युटर घाबरतो आणि टर्बोचा, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, जोर काढून घेतो. पाइप एकदा उघडून बघितले, उस्तादांनी ते पेस्ट लावून बंद केले, आणि मी नवा सेन्सर टाकला. दिवा विझला. पाच आठवड्यांनी पुन्हा लागला.

दुसऱ्या वेळी मी नीट तपासलं. वायरी मीटरनं मोजल्या, सॉकेट साफ केलं, सायलेन्सरच्या जोडांवर साबणाचं पाणी टाकून कुठं बुडबुडे येतात का ते पाहिलं. टर्बोपासून इंजिनापर्यंत हवा नेणारे पाइप उघडले, त्यातून हवा कुठं गळते का ते बघितलं. काही सापडलं नाही. पुन्हा नवा सेन्सर बसवला. उघडलेले पाइप उस्तादांनी पेस्ट लावून बंद केले. दिवा चार आठवड्यांत परत आला. मी त्या सेन्सरला आणि तो बनवणाऱ्यांना यथेच्छ शिव्या दिल्या. चोर सोडून संन्याशाला फाशी देत होतो, हे तेव्हा कळलं नाही.

तिसऱ्या वेळी गाडी आली त्या दिवशी उस्तादांनी सकाळीच तिचं एक काम उरकलं. इंजिनाच्या डोक्यावरच्या झाकणातून, ज्याला आम्ही टॅपेट कव्हर म्हणतो, तेल पाझरत होतं. मी ते खोललं आणि त्यांनी चांगली जाड पेस्ट भरून बसवलं. मग ते जेवायला घरी गेले. मी सेन्सर काढला आणि सहज म्हणून आधीचे दोन भंगाराच्या डब्यातून शोधून त्याच्याशेजारी ठेवले. काढलेल्या पार्टकडे परत कोण बघतं? मी त्या दिवशी पाहिलं. तिघांच्याही टोकावर पांढरा थर होता, चुना लावल्यासारखा. पेट्रोल जास्त जळत असतं तर टोक काळं पडलं असतं. नव्या सेन्सरच्या खोक्यात एक कागद येतो, तो मी दोनदा न वाचता फेकला होता. तिसऱ्यांदा उघडला. त्यात सिलिकॉन पेस्टच्या ट्यूबचं चित्र होतं, त्यावर फुली आणि खाली कारण.

पेस्ट वाळताना तिची वाफ सुटते, ती इंजिनात ओढली जाते, जळते आणि सेन्सरच्या टोकावर पांढरी होऊन बसते. म्हणजे मी जितक्या वेळा तपासायला पाइप उघडले, तितक्या वेळा आम्हीच त्या सेन्सरला विष घातलं होतं.

उस्ताद तासाभरानं परत येणार होते. मला त्यांना सांगता आलं नाही. हे सांगितलं की त्यांचं शेवटचं कामही गेलं, मग हा माणूस दहा वाजता कुठं जाईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं. मी घाईघाईनं पाइपांची पेस्ट खरवडून काढली, नुसते नवे क्लिप आवळले आणि नवा सेन्सर बसवला. टॅपेट कव्हरला मात्र हात लावला नाही. ते खोललं असतं तर त्यांना कळलं असतं. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझ्या मुठीत काय होतं ते मला ठाऊक होतं. भाऊंनी विचारलं, तेव्हा पेट्रोल खराब असेल असं बेधडक सांगून टाकलं. ते बिचारे नेहमीच्या पंपवाल्याशी भांडून आले आणि लांबच्या पंपावर जायला लागले.

अकरा दिवस गेले. शुक्रवारी सकाळी गाडी राजूरच्या घाटात पहिल्याच वळणांवर अडकली. मागं ट्रक हॉर्न मारत होते. बाई रस्त्याच्या कठड्यावर बसून राहिल्या. शेवटी कांदा भरलेल्या एका पिकअपवाल्यानं दोघांना वर नेलं, पण तोवर त्यांचा नंबर गेला होता. मशीन मिळालं ते दुसऱ्या दिवशी. त्या शुक्रवारीच संध्याकाळी भाऊंचा फोन आला. आवाजात राग असता तर मला सोपं गेलं असतं.

"मिस्त्री, तिच्या पायावर लय सूज चढली हाय," ते म्हणाले. "आता तुमीच सांगा, पेट्रोल कोणत्या पंपावर टाकू?"

मला त्या क्षणी माझी किळस आली. दुसरा शब्द नाही.

दुसऱ्या दिवशी उस्ताद आले आणि मी सगळं सांगितलं. खोक्यातला कागद दिला, तिन्ही सेन्सर हातात दिले. त्यांनी एक सेन्सर डोळ्यांजवळ नेला आणि अंगठ्यानं तो पांढरा थर घासून पाहिला.

"हे तुले कवापासून माहीत हाय?"

मी बारा दिवस म्हणालो. त्यांनी गाडी आणवून घ्यायला सांगितलं, एवढंच.

टॅपेट कव्हर मी खोललं, पण पेस्ट मला काढू दिली नाही. उस्ताद स्वतः खाली बसले आणि प्लास्टिकच्या पट्टीनं ती खरवडत राहिले. डोळ्यांना दिसत नव्हतं तिथं बोटानं चाचपून बघत होते. मी दोनदा मदतीला गेलो, दोनदा त्यांनी कोपरानं मला बाजूला सारलं. त्यात अर्धा दिवस गेला. मग मी नवं पॅकिंग नुसतंच बसवलं, नवा सेन्सर लावला, आणि गाडी घेऊन आम्ही दोघंही भाऊंच्या मळ्यात गेलो. बाई ओसरीवर पाय लांब करून बसल्या होत्या. उस्तादांनी हात जोडले. पेट्रोलात खोट नव्हती, चूक माझी होती, असं त्यांनी सांगितलं. मी मध्ये तोंड उघडलं, तर माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि मी गप्प झालो. बाई म्हणाल्या की असू द्या काका, आता गाडी चढेल ना, तेवढं बघा. मंगळवारी मी स्वतः त्यांच्या गाडीत बसून बुलढाण्यापर्यंत गेलो. गाडी घाट तिसऱ्या गिअरमध्ये चढली. तिला आता काही होत नाही.

मळ्यातून आम्ही भाऊंच्या मोटरसायकलवर परतत होतो, तेव्हा उस्ताद मागून बोलायला लागले. त्यांचा चेहरा मला दिसत नव्हता.

"तू शिकत होता तवा तुही एक बी चूक म्या पोटात घातली नाई. गिऱ्हाइकासमोर बोललो. काऊन? तुह्यातून मिस्त्री निघन असं वाटत होतं म्हणून. आन तू माही चूक झाकून ठेवली. मंजे तुह्यासाठी मी मिस्त्री उरलोच नव्हतो."

मी गाडी थांबवली नाही. थांबवली असती तर त्यांच्याकडे पाहावं लागलं असतं. मी त्यांचं शेवटचं काम वाचवतोय असं समजत होतो. खरं म्हणजे त्यांना न विचारता, न सांगता मीच त्यांना बारा दिवस आधी घरी बसवलं होतं, आणि वर त्याला माया म्हणत होतो.

चार दिवस ते आले नाहीत. पाचव्या दिवशी दहाला आले. तेव्हापासून कुठल्याही जोडाला हात लावण्याआधी ते मला विचारतात, "इथं लावू का?" ज्या माणसानं मला पाना धरायला शिकवलं, तो माझ्या तोंडाकडे बघत थांबतो. मी आता खरं तेच सांगतो. आजकालच्या गाड्यांत बहुतेक वेळा मला नाही म्हणावं लागतं.