सर्जेराव आणि साहेबाचे गोड शब्द

गोरा साहेब तोंडावर ‘नको’ म्हणत नाही, हे मला जयपूरला येऊन कळलं, आणि तेही सर्जेरावांच्या लेझमींमुळं. मी चौथीपर्यंत शिकलेली. माझं इंग्रजी म्हणजे स्टेशन, तिकीट आणि डॉक्टर. पण त्या साहेबाचे दोन-चार शब्द मला अजून पाठ आहेत. विसरावेत म्हटलं तरी विसरत नाहीत.

आमच्या ह्यांची सेंट्रल गव्हर्मेंटची नोकरी. चोपन्न साली कराडहून उचललं आणि जयपूरला आणून टाकलं. किशनपोल बाजाराच्या आतल्या गल्लीत एका हवेलीत वरच्या दोन खोल्या मिळाल्या. खाली जिन्याच्या पोटात एक खोली होती, तिच्यात सर्जेराव राहायचे. कागलकडचे. गोरा साहेब हेडमास्तर असलेल्या शाळेत कसरतीचे मास्तर. गडी असा उंच की त्या खोलीत कायम नमस्कार घातल्यासारखा वाकलेला. पहिल्या दिवशी मी हमालाशी हिंदी बोलत होते. म्हणजे मला वाटत होतं हिंदी. ते ऐकून सर्जेराव बाहेर आले, म्हणाले, “वैनी, तुम्ही मराठीतच बोला. त्याला तेवढंच कळंल,” आणि आमची ट्रंक एकट्यानं वर नेली. त्या दिवसापासून रात्रीची भाकरी आमच्याकडं.

त्यांची बायको अनुसया गावी. मुलगी सुमन तेव्हा पाळण्यात. वडिलांनी बजावलेलं, “स्वतःच्या दाराचं घर मिळालं तर सून ने. लोकांच्या जिन्याखाली माझी सून राहणार नाही.” निघताना अनुसयेनं एवढंच विचारलं होतं म्हणे, “तिकडं गच्चीवर मोर येतात, खरं का?” शाळेच्या मागं निंबाखाली मास्तरांसाठी क्वार्टरं होती. एखादं रिकामं झालं की मिळेल, एवढ्या आशेवर हा माणूस होता. सांगानेरला जाऊन दाराच्या पडद्यासाठी बारीक बुट्टीचं छापील कापड घेऊन आले. दार नाही आणि पडदा आधी. माझ्या ट्रंकेत ठेवायला दिला.

पण आधी लेझमींचं सांगते.

शाळेच्या वार्षिक समारंभाला डंबेल्सची कवायत व्हायची. सर्जेरावांनी साहेबाला सुचवलं की या वर्षी मुलांकडून लेझीम करून घेतो. साहेबानं मान हलवली आणि म्हणाला, “व्हेरी इंटरेस्टिंग, सर्जेराव. मोस्ट इंटरेस्टिंग.” सर्जेराव उड्या मारत घरी. कोल्हापूरला कळवलं, पोतं भरून लेझमी रेल्वेनं आल्या. गोऱ्यागोमट्या राजेरजवाड्यांच्या पोरांना लेझीम घेऊन मैदान दणाणायला लावलं. रंगीत तालमीला साहेब आला, पाहिलं, आणि शांतपणे म्हणाला, मी तर या गोष्टीला होकार दिला नव्हता.

डंबेल्स परत आले. लेझमींचं पोतं आमच्या जिन्याखाली आलं. मांजर गेलं तरी छुमछुम वाजायचं. गल्लीतले लोक त्यांना ‘छमछम मास्टरजी’ म्हणायला लागले.

शाळेत पियानो शिकवायला एक गोव्याच्या डिमेलो मिस होत्या. माझ्याकडं अधूनमधून सोलकढी प्यायला यायच्या. त्यांनी कपाळावर हात मारला. “अरे सर्जेराव, इंटरेस्टिंग म्हणजे नको! ‘ब्रेव्ह’ म्हटलं तर वेडेपणा. ‘ॲम्बिशस’ म्हटलं तर तुझ्या बापाच्यानं होणार नाही. हे लोक नाही म्हणतात ते असं साखर लावून.”

“मग हो कसं म्हणतात?” मी विचारलं.

“हो म्हणतात तेव्हा कळतं,” मिस म्हणाल्या आणि वाटी पुढं केली. तो धडा तिथंच राहिला.

मला मेलीला हसू यायचं. साताऱ्याकडं एवढे कष्ट कोण घेतं? माहेरी जाऊ का विचारलं की आमचे हे वर्तमानपत्रातून मान न काढता म्हणायचे, “बघू.” झालं. मी ट्रंक परत पलंगाखाली सरकवायची. दोन अक्षरांत काम.

सर्जेरावांनी मात्र तो धडा मनावर घेतला. आमच्याकडंच त्याची तालीम चालायची. मी पिठलं वाढायला गेले की ताटावर हात धरून म्हणायचे, “वैनी, पिठलं लई इंटरेस्टिंग हाय.”

“म्हणजे नको का?”

“आता कसं शिकलासा!”

हसत होतो आम्ही. पण त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं: साहेबाचा शब्द गोड, म्हणजे काम नाही.

छप्पन साली कोपऱ्यातलं क्वार्टर रिकामं झालं. सर्जेरावांनी साहेबाला अर्ज दिला. दोन खोल्या, समोर अंगण, स्वतःचं दार. पुढं कितीतरी दिवस साहेब काही बोललाच नाही. मग एका संध्याकाळी सर्जेराव मैदानावरून आले ते थेट वर, आमच्याकडं. चेहरा पडलेला, पण मान ताठ.

“काय झालं?” ह्यांनी विचारलं.

“न्हाई म्हणाला.”

“असं म्हणाला?”

“तसं कुठं म्हणतोय तो! म्हणाला, ‘इट माइट बी रादर नाइस टू हॅव युअर वाइफ हिअर बाय दिवाळी.’ म्हंजे दिवाळीपर्यंत बायको इथं असती तर बरं झालं असतं. नाइस! लगीच वळखलं मी. या टायमाला मिसना इचारावं लागलं न्हाई.”

“मग तुम्ही काय म्हणालात?”

“त्याला तरी कशाला अवघडात ठेवायचं? आपल्याला न्हाई म्हणताना बिचाऱ्याला वाईट वाटत आसंल. म्हणलं, ‘आय ॲम परफेक्टली हॅपी, सर. परफेक्टली हॅपी ॲज आय ॲम.’ तो ‘आय सी’ म्हणाला आन् गेला.”

आमच्या ह्यांनाही ते पटलं, त्यांचं इंग्रजी फायलीतलं. फायलीत कुणी नाइस लिहीत नाही. मी सर्जेरावांना जास्तीची भाकरी वाढली.

दिवाळीआधी त्या क्वार्टरला चुना लागला आणि गणिताचे मास्तर सहकुटुंब राहायला गेले. भाऊबीजेला डिमेलो मिस फराळाला आल्या. सर्जेराव चकली मोडत बसले होते. मिस सहज म्हणाल्या, “काय तू तरी! साहेब सांगत होते, आधी तुलाच दिलं होतं क्वार्टर. तू म्हणालास, मी आहे तसा सुखी आहे. बायको नको का तुला?”

सर्जेरावांच्या हातातली चकली तशीच राहिली. “मला कवा दिलं?”

“नाइस म्हणाले ना तुला? दिवाळीपर्यंत बायकोला आण, असं?”

“नाइस म्हणाला.”

“अरे देवा,” मिस म्हणाल्या. “ते सांगत होते तुला. आण म्हणून! ‘हे कर’ असं म्हणत नाहीत रे ते, ‘हे केलंस तर छान होईल’ म्हणतात. माझंच चुकलं. मी नकाराचं तेवढं शिकवलं.”

मी ह्यांच्याकडं पाहिलं, हे भिंतीकडं. मग ह्यांनी दटावून त्यांना साहेबाकडं पाठवलं. “सरळ सांगा, मला घर हवंय. विशेषणं गेली खड्ड्यात.” सर्जेराव गेले, सांगितलं. साहेबाला खरंच वाईट वाटलं असावं. उठून त्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, “हाउ व्हेरी अनफॉर्च्युनेट.” त्याचा अर्थ कुणाला विचारावा लागला नाही. गणिताच्या मास्तरांच्या बायकोनं तोवर अंगणात तुळस लावली होती. तिला कोण उठवणार?

पुढं वर्षं कशी गेली ते सर्जेरावांच्या मापानं सांगते. मे महिन्यात ते गावी जायचे. पहिल्यांदा सुमन मांडीवर बसायची. मग दारामागून बघायची. मग एका वर्षी तिनं आईला हाक मारली, “आई, ते जयपूरचे आलेत.” परत आल्यावर हे त्यांनी हसून सांगितलं. सांगून झाल्यावर खाली जाऊन लेझमींचं पोतं जिन्याखालून काढलं आणि गल्लीतल्या पोरांना वाटून टाकलं. आठवडाभर मोहल्ल्यात कानठळ्या.

साहेब विलायतेला गेला. नवे हेडमास्तर आले, ते आपल्यातलेच. सहासष्ट साली त्यांनी स्पष्ट हिंदीत सांगितलं, “मास्टरजी, क्वार्टर खाली है, चाबी ले लो.” एवढं सोपं असतं. सर्जेरावांनी किल्ली आणून माझ्या हातावर ठेवली, ट्रंकेतलं पडद्याचं कापड मागून घेतलं, इस्त्री केलं आणि अनुसयेला आणायला गावी गेले. वडील तोवर वारले होते. अडवायला कुणी नव्हतं.

आठ दिवसांत परत आले. एकटेच. कापड पिशवीत तसंच घडी केलेलं.

मी भाकरी टाकल्या. जेवताना हळूच विचारलं, “काय म्हणाली अनुसया?”

“कापड बघितलं. बुट्टी चांगली हाय म्हणाली. मोराचं म्या काढलं, तर म्हणाली, आता कुठं. म्हशी हायत्या, सुमनचं सातवीचं वर्ष हाय.” त्यांनी घास तसाच ताटात ठेवला. “म्हणलं, मग दिवाळीला येशील का? तर म्हणाली, बघू.”

“अहो, मग बघू म्हणजे बघू,” मी म्हटलं. “सुमनचं वर्ष संपू दे. येईल.”

ते माझ्याकडं बघून हसले. “वैनी, हे इंग्रजी न्हवं. हे मला कळतंय.”

मी पिठल्याचं पातेलं पुढं केलं. त्यांनी ताटावर हात धरला. इंटरेस्टिंग म्हणतील म्हणून मी थांबले. म्हणाले नाहीत.