डाव्या खांद्यावरचं फडकं

छापखान्यातले मिस्त्री इतके संशयी, की चहात साखर जास्त पडली तरी बायकोला विचारायचे, "आज काय काम काढलंय?" त्यामुळे मालकीणबाई रोज दुपारी मशीनपाशी येऊन उभ्या राहायला लागल्या, तेव्हा मिस्त्रींच्या मनात पाल चुकचुकली.

कारणही होतं. मिस्त्रींना ऐकू येईनासं झालं होतं. मशीनचं दुखणं तीस वर्षं त्यांनी आवाजावरून ओळखलं. आता पत्र्यावर हात ठेवून अंदाज बांधायचे. हे कळलं तर घरी बसावं लागेल, म्हणून त्यांनी कुणाला ताकास तूर लागू दिली नव्हती.

"बाई मशीन शिकतायत," ते बायकोला म्हणाले. "आता माझी उचलबांगडी नक्की."

याच बाई बारा वर्षांपूर्वी नवरा गेल्यावर काउंटरवर बसल्या, तेव्हा त्यांना छपाईतलं ओ की ठो कळत नव्हतं. गिऱ्हाईक विचारायचं, "परवा मिळेल का?" मिस्त्री त्याच्या पाठीमागे उभे राहायचे. हात पुसायचं फडकं उजव्या खांद्यावर असलं, की बाईंनी हो म्हणायचं. डाव्या खांद्यावर असलं, की जमणार नाही. वर्षभर असं निभावलं. आणि आता याच बाई आपल्या मुळावर उठल्या, या विचाराने मिस्त्रींना रागही आला आणि रडूही.

मंगळवारी काम जोरात चाललेलं असताना बाई समोर आल्या. त्यांनी खिळ्यावरचं शाईने माखलेलं फडकं उचललं आणि डाव्या खांद्यावर टाकलं. मिस्त्रींचा हात आपोआप बटणावर गेला. मशीन थांबलं. झाकण उघडलं तर आतला रूळ सुटायला आला होता, आणि तो नेमका मिस्त्रींच्याच बाजूला. त्याची खडखड त्यांना ऐकूच आली नव्हती.

रूळ घट्ट करून झाल्यावर त्यांनी खाली बघतच विचारलं, "कधी कळलं?"

बाई त्यांच्या कानाशी येऊन मोठ्याने म्हणाल्या, "तुम्ही वाद घालायचं बंद केलंत तेव्हा. महिनाभर मी काहीही म्हटलं तरी नुसतं हो."

"मग बोलला का नाहीत?"

"माझ्या वेळी तुम्ही कुणाला सांगितलं होतंत?"

बाईंनी फडकं उजव्या खांद्यावर घेतलं. मिस्त्रींनी मशीन सुरू केलं आणि महिन्याभरात पहिल्यांदाच पत्र्यावरचा हात काढून घेतला.