पुसून पुन्हा

शेजारची सून आमच्या तुळजापूरच्या लॉजवर बसून कंपनीचं काम करते. लांबच्या सर्व्हरवर लिनक्स ही संगणकप्रणाली आपोआप बसावी म्हणून ती सूचनांची फाईल लिहिते. काम अडलं की स्क्रीनलाच विचारते, "काय झालं गं बाई?"

नोकरी नवी. काल इन्स्टॉलेशन सारखं अर्ध्यात थांबत होतं. "हातानं पुरं करा," साहेब फोनवर चिडले. तिनं केलं, सर्व्हर चालू झाला. मला हायसं वाटलं, तोवर तिनं सगळं पुसून टाकलं.

"अगं, चालू झालं होतं की!"

"काकू, उद्या धा सर्व्हर आले तर दर बारीला हातानंच करू व्हय?"

फाईलीत डिस्कचं नाव चुकलेलं सापडलं. ते बदलून तिनं पुन्हा सुरू केलं. या वेळी काम आपोआप पुढं सरकत राहिलं.

खोली मागायला आलेल्या भाविकांना मी म्हणाले, "जरा थांबा, आमचं होत आलंय."